नदीखोऱ्यातलं पाणी आणि पिकं: हिशेब शेवटच्या शेतापासून मांडा

मोठ्या खोऱ्याचं पाणी-नियोजन करायला बसलं की नजर आधी धरणाकडे जाते. साठा किती, कालव्याची वहनक्षमता किती, लाभक्षेत्र किती. आकडे कागदावर जुळतात आणि हंगामाच्या मध्यावर पाणी कुठल्यातरी मधल्याच वितरिकेत, म्हणजे मुख्य कालव्याच्या फाट्यात, संपतं. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेवटच्या चारीवरच्या (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटावरच्या) शेवटच्या शेतात जाऊन उभं राहायचं. पाणी तिथे कितव्या दिवशी पोचतं, किती तास टिकतं, ते बघायचं. मग पाठ फिरवून नाल्यात उतरायचं आणि निचऱ्याचं पाणी कसं दिसतं ते बघायचं. या दोन ठिकाणी जे दिसतं, त्यावरून वरचं सगळं व्यवस्थापन कसं चाललंय ते कळतं.

पुढच्या पायऱ्या पाणीवापर संस्था चालवणाऱ्यांना, कृषी आणि पाटबंधारे खात्यांत काम करणाऱ्यांना, आणि गटाने शेतीचं नियोजन करणाऱ्या शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. खोरं कुठलंही असो, क्रम हाच ठेवा.

पायरी १: आधी ताळेबंद, मग पीक

खोऱ्याची हद्द पाणलोटाने ठरते, तालुक्याने किंवा राज्याने नाही. या हद्दीत वर्षभरात येणारं पाणी म्हणजे पाऊस, वरून येणारी नदी आणि कुठे असेल तर दुसऱ्या खोऱ्यातून वळवलेलं पाणी. जाणारं पाणी म्हणजे पिकांनी, झाडांनी, गवताने हवेत सोडलेलं, जलाशयावरून उडालेलं, शहरांनी आणि कारखान्यांनी वापरलेलं, खालच्या लोकांना द्यायचं आणि नदीच्या मुखापर्यंत सोडायचं.

जलाशयावरच्या बाष्पीभवनाचा रकाना लोक रिकामा सोडतात. १९५९च्या नाईल करारात वर्षाला ८४ अब्ज घनमीटर पाणी धरलं होतं. त्यातलं ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला, आणि उरलेलं १० अब्ज घनमीटर आस्वानच्या जलाशयावरून उडून जाईल म्हणून सरळ बाजूला काढलं होतं. उन्हाच्या प्रदेशात उथळ आणि पसरट तलाव बांधताना हा आकडा आठवावा.

येणारं पाणी धरताना सरासरीवर जाऊ नका. सरासरी म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत न मिळणारं पाणी. सिंचनासाठी ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी धरण्याची रीत आहे, म्हणजे चारपैकी तीन वर्षं किमान इतकं मिळेल असा आकडा. काढायची पद्धत सोपी आहे. ४० वर्षांचे वार्षिक प्रवाह मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लिहा, वरून साधारण ३१वा आकडा उचला. कृष्णा खोऱ्याच्या पहिल्या लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, याच विश्वासार्हतेचं २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरून ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्र प्रदेशाला दिलं होतं.

उलट उदाहरण कोलोरॅडो नदीचं. १९२२च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं राहील इतकं) पाणी वाटून दिलं, पण ज्या वर्षांच्या नोंदींवर हा हिशेब बसवला ती वर्षं नेमकी जास्त पावसाची निघाली. नदीत जेवढं पाणी नाही तेवढे हक्क कागदावर आले आणि ते भांडण शंभर वर्षांनीही मिटलेलं नाही. हक्क एकदा दिला की परत घेता येत नाही, म्हणून या पायरीवर कंजूषपणा केलेलाच बरा.

पायरी २: ‘वाया’ जाणाऱ्या पाण्याचे चार ढीग करा

हा भाग सावकाश वाचा. पुढच्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात.

समजा कालव्याच्या मुखाशी १०० लिटर पाणी सोडलं. वाटेत मुख्य कालव्यात २० गेले, वितरिका आणि चाऱ्यांत उरलेल्याचे २० टक्के गेले, शेतात पोचलेल्यापैकी ६० टक्केच मुळांच्या कक्षेत टिकलं. हिशेब केला तर ३८ लिटर पिकाला मिळाले. इथे बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘६२ टक्के पाणी वाया!’ आणि अस्तरीकरणाचा, म्हणजे झिरप थांबवायला कालव्याला आतून थर देण्याचा, ठराव होतो.

पण ते ६२ लिटर गेले कुठे? एक ढीग हवेत उडालेल्या पाण्याचा: कालव्याचा उघडा पृष्ठभाग, ओली मोकळी जमीन, बांधावरचं तण. दुसरा ढीग झिरपून गोड्या भूजलात गेलेल्या पाण्याचा, जे खालच्या विहिरीतून कुणीतरी उपसतंय. तिसरा नाल्यावाटे परत नदीत आलेल्या पाण्याचा, जे खालचा बंधारा अडवतो. चौथा खाऱ्या भूजलात किंवा दलदलीत गेलेल्या पाण्याचा, जे पुन्हा कुणाच्याच कामाचं राहत नाही.

खोऱ्याच्या पातळीवर खरी बचत पहिल्या आणि चौथ्या ढिगात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ढिगातलं वाचवलं म्हणजे खालच्याच्या विहिरीतलं काढून वरच्याला दिलं, एवढंच. नाईलच्या खोऱ्यात एकेका शेताची पाणीवापर कार्यक्षमता साधारण दिसते, पण तेच पाणी नाल्यातून उचलून पुन्हा पुन्हा वापरलं जात असल्याने सबंध खोऱ्याची बरीच वर जाते.

ठिबकचंही असंच आहे. ठिबक उत्तम साधन आहे, मी स्वतः त्याचा पुरस्कर्ता आहे. उत्पादन वाढतं, खत वाचतं, मजुरी वाचते, ओल्या मोकळ्या जमिनीवरून उडणारं पाणीही वाचतं. पण ठिबकने ‘वाचलेल्या’ पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर भिजवले, तर खोऱ्यातून हवेत जाणारं एकूण पाणी वाढतं आणि खालची नदी आटते. म्हणून ठिबकच्या योजनेसोबत क्षेत्राची मर्यादाही ठरवा, नाहीतर ती योजना उत्पादनवाढीची आहे असं सरळ सांगा, पाणीबचतीची म्हणू नका.

पायरी ३: पिकाची तहान मिलिमीटरमध्ये मोजा

‘गव्हाला सहा पाणी’ ही भाषा शेतात चालते, नियोजनात चालत नाही. एक पाणी म्हणजे ५ सेंटिमीटर की १२, ते कुणीच सांगत नाही. एक सूत्र पाठ करून टाका: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर.

पिकाची रोजची गरज काढायला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची १९९८ची पद्धत सगळीकडे वापरतात. हवामानावरून संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे प्रमाण मानलेल्या हिरव्या गवतातून रोज हवेत जाणारं पाणी, काढायचं आणि त्याला पीक गुणांकाने गुणायचं. हवामान केंद्र जवळ नसेल तर बाष्पीभवन पात्रातली रोजची घट मोजून तिला साधारण ०.७ने गुणलं तरी काम भागतं. गुणांक पिकाच्या वयाबरोबर बदलतो. गव्हाचा उगवणीच्या काळात ०.३ ते ०.४, भर वाढीत १.१५. मक्याचा भर वाढीत १.२, उसाचा १.२५, हरभऱ्याचा १.०.

म्हणजे भर वाढीच्या काळात या पिकांच्या रोजच्या तहानेत फार मोठा फरक नाही. फरक पडतो तो पीक किती दिवस जमिनीवर उभं राहतं याने. हंगामाची एकूण गरज ढोबळमानाने गव्हाची आणि ज्वारीची ४५० ते ६५० मिमी, मक्याची ५०० ते ८००, भुईमुगाची ५०० ते ७००, कपाशीची ७०० ते १३००, केळीची १२०० ते २२००, उसाची १५०० ते २५००. यातून त्या काळात पडणारा उपयुक्त पाऊस आणि पेरणीच्या वेळी जमिनीत असलेली ओल वजा केली की उरतं ते कालव्याने किंवा विहिरीने द्यायचं. भारी जमिनीत पावसाळ्यानंतर पेरलेला हरभरा आपली बरीचशी तहान या साठलेल्या ओलीवरच भागवतो, म्हणून पाण्याच्या हिशेबात तो नेहमी स्वस्त पडतो.

पायरी ४: बारमाही पिकांची हद्द ठरवा

पीकरचना ठरवताना पहिला प्रश्न ‘कशाला भाव आहे’ हा नसावा. पहिला प्रश्न असा: सगळ्यात वाईट वर्षी हमखास मिळणाऱ्या पाण्यावर किती हेक्टर जगेल? बारमाही पिकं, म्हणजे ऊस, केळी, फळबागा, तेवढ्याच हद्दीत बसवा. बाकीचं क्षेत्र हंगामी पिकांना ठेवा, कारण हंगामी पीक पेरायचं की नाही हे पाणी बघून ठरवता येतं. बाग मात्र एक वर्ष बंद ठेवता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात हे नीट दिसलं. तिथे काही हक्क जास्त खात्रीचे आणि काही कमी खात्रीचे असे वेगळे आहेत. फळबागवाले पहिल्या प्रकारचे घेतात, भातवाले दुसऱ्या. या शतकाच्या सुरुवातीला पडलेल्या दीर्घ दुष्काळात भाताची लागवड एका टप्प्यावर जवळजवळ थांबली, आणि उरलेलं पाणी बागांना मिळू शकलं. सगळंच क्षेत्र बारमाही असतं तर कमी करायला काही उरलंच नसतं.

मधल्या, थोड्या तुटीच्या वर्षांसाठी दुसरी कसोटी आहे. अन्न आणि कृषी संघटनेनेच १९७९ साली पिकांचे ‘उत्पादन प्रतिसाद गुणांक’ दिले. पाण्यात जितके टक्के तूट, त्याला या गुणांकाने गुणलं की उत्पादनातली घट मिळते. मक्याचा १.२५, उसाचा १.२, ज्वारीचा ०.९, कपाशीचा ०.८५, भुईमुगाचा ०.७. म्हणजे हंगामभर सारखी २० टक्के तूट पडली तर मका २५ टक्के घटतो, कपाशी १७ आणि भुईमूग १४. तूट वाटायची वेळ आली की ती सगळ्यांना सारखी वाटणं न्याय्य वाटतं, पण पिकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं नाही.

आणि तूट कधी पडते यालाही तितकंच महत्त्व आहे. गव्हाला पेरणीनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळं फुटतात. ते पाणी चुकलं तर नंतर दिलेली दोन पाणी ती कसर भरून काढत नाहीत. मक्याची तशी नाजूक वेळ तुरा आणि स्त्रीकेसर बाहेर पडतानाची. हरभऱ्याची फुलं लागण्याआधीची आणि घाटे भरतानाची. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, तारखा या वेळांवरून ठरवा. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं: तारखा बैठकीत ठरतात आणि पिकाने त्यांच्याशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा असते.

पायरी ५: पाळी जमिनीवरून ठरवा

आता एक हिशेब पुरा करून बघू. संदर्भ बाष्पोत्सर्जन रोज ४.५ मिमी, गहू भर वाढीत, गुणांक १.१५. रोजची तहान ५.२ मिमी. जमीन मध्यम ते भारी, एका मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी १६० मिमी. मुळं ९० सेंटिमीटर, म्हणजे १४४ मिमी. त्यातलं निम्मं संपेपर्यंत पीक बिनधास्त असतं. ते निम्मं म्हणजे ७२ मिमी, आणि ७२ला ५.२ने भागलं की १४ दिवस. म्हणजे १४ दिवसांची पाळी इथे बरोबर बसते.

हीच पाळी हलक्या, वाळूसर जमिनीवर लावा. तिथे मीटरला ८० मिमी पाणी, निम्म्याचा हिशेब ३६ मिमी, म्हणजे सातव्या दिवशी गहू सुकायला लागतो. एकाच वितरिकेवर दोन्ही प्रकारच्या जमिनी असतील तर सगळ्यांना एकच पाळी लावणं ही हलक्या जमिनीवाल्याला दिलेली शिक्षा आहे. अशा तुकड्यात कमी दिवसांची पाळी, कमी जाडीचं पाणी, किंवा शेततळ्यात साठवून तुषारने देणं, यातलं काहीतरी करावंच लागतं.

याच हिशेबाने चारीचं क्षेत्र ठरवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, चोवीस तासांत सुमारे २,४४७ घनमीटर. १४ दिवसांची गरज ७३ मिमी, शेतातली कार्यक्षमता ६० टक्के, म्हणजे बांधावर १२१ मिमी, हेक्टरी १,२१० घनमीटर द्यायला हवं. एक क्युसेक दिवसाला २ हेक्टर भिजवेल, १४ दिवसांत २८. चारीवर ५० हेक्टर गहू असेल आणि दरवाजा एकच क्युसेक देत असेल, तर टेलवाला कितीही जागरण करो, त्याला पाणी मिळणार नाही. यात वरच्याची चोरी नाही, गणित चुकलंय.

प्रत्यक्ष पाणी द्यायच्या दिवशी यंत्रांपेक्षा फावडं जास्त खरं बोलतं. वरची दोन बोटं माती वाळलेली दिसली म्हणून पाणी सोडू नका. पिकाच्या ओळीजवळ मुळं जिथवर गेलीत त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत खड्डा घ्या, तिथली मूठभर माती उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. मध्यम-भारी जमिनीत तळव्याला चिकट ओल लागली आणि गोळ्यावर बोटांचे ठसे चकाकले, तर पाण्याची गरज नाही. गोळा टिकला, पण हातावर जरा उडवून झेलल्यावर फुटला, तर पाण्याची वेळ आलीय. दाबूनही गोळा होत नसेल आणि माती बोटांतून सांडत असेल, तर तुम्ही उशीर केलात. पंधरा-वीस शेतांत हे करून झालं की हात तयार होतो. वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही एकत्र असलेली जमीन, आणि ती ओळखायला हातासारखं साधन नाही.

पायरी ६: मोजल्याशिवाय वाटू नका

हे थोडक्यात. प्रत्येक चारीच्या तोंडाशी मोजपट्टी आणि फ्लूम (प्रवाह मोजायचा ठरावीक आकाराचा अरुंद पाट) किंवा खाच हवी. ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेवरून पाणी २० सेंटिमीटर उंचीने जात असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे २५ लिटर असतो. काहीच नसेल तर लाकडाचा तुकडा आणि घड्याळ घ्या. सरळ, एकसारख्या पाटाचे २० मीटर आखा. तुकड्याला ४० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी पाणी हळू वाहतं म्हणून त्याला ०.८ने गुणा, ०.४ झाला. पाट ६० सेंटिमीटर रुंद, पाणी ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे काटछेद ०.१८ चौरस मीटर. गुणाकार ०.०७२ घनमीटर, अर्थात सेकंदाला ७२ लिटर, अडीच क्युसेक. अचूक नाही, पण वादावादीपेक्षा बरं.

पायरी ७: वाटप वेळेवर, आणि टेलकडून

सिंधूच्या खोऱ्यात, पंजाबात, चालत आलेली वाराबंदी म्हणजे आठवड्यातला ठरावीक वार आणि ठरावीक वेळ, शेताच्या आकाराप्रमाणे. तिची खरी ताकद अशी की शेजाऱ्याला घड्याळ कळतं, त्यामुळे चोरी लपत नाही. तिची उणीव अशी की ती वेळ वाटते, पाणी वाटत नाही. टेलच्या माणसाच्या एका तासात हेडच्या, म्हणजे पाटाच्या मुखाजवळच्या, माणसापेक्षा कमी पाणी येतं, कारण वाटेत झिरप होते. म्हणून टेलच्या वेळेत झिरपीची भर घालायलाच हवी, आणि ती किती हे पायरी ६ची मोजणी दोन ठिकाणी करून काढता येतं.

टंचाईच्या आवर्तनात भरणं टेलकडून सुरू करून हेडकडे यायचं. पाट भरायला सुरुवातीला जास्त पाणी लागतं, ते पाणी पुरेसं असतानाच शेवटपर्यंत नेलेलं चांगलं. शिवाय हेडवाला आपली पाळी येईपर्यंत स्वतःहून पाटावर लक्ष ठेवतो. रात्रीच्या पाळ्या दर आवर्तनाला बदलत्या ठेवा. ज्याला कायम रात्रीच पाणी मिळतं तो बारं (वाफ्यात पाणी वळवायचं तोंड) मोडून झोपतो, आणि पाणी नाल्यात जातं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पायरी ८: विहीर हेडला, कालवा टेलला

ऐकायला विचित्र वाटतं. पण कालव्याच्या वरच्या भागात वर्षानुवर्षं झिरपून गोडं भूजल वर आलेलं असतं. टेलला ते खोल असतं, बऱ्याचदा खारं. म्हणून हेडच्या शेतकऱ्याने विहीर उपसली तर दोन कामं होतात: त्याच्या जमिनीखालची पातळी उतरून चिबड, म्हणजे जमीन कायम ओली राहून बिघडणं, टळतं, आणि कालव्याचं गोडं पाणी पुढे जातं. वीजदर, पाणीपट्टी किंवा पाळीचे दिवस, ज्याने जमेल त्याने हे घडवून आणा. नुसत्या उपदेशाने हेडवाला पाटाचं फुकट पाणी सोडून मोटार चालवणार नाही.

उपशालाही मर्यादा हवी. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात भूजल उपशामुळे एका ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खचली. दबलेले चिकणमातीचे थर पुन्हा फुगत नाहीत, म्हणजे पाणी साठवण्याची ती जागा कायमची गेली.

पायरी ९: निचरा

पाणी शेतात आणण्यावर जितका खर्च होतो त्याच्या तुलनेत ते शेताबाहेर काढण्यावर जवळजवळ काहीच होत नाही, आणि मोठ्या खोऱ्यांतल्या जमिनी बहुधा याच कारणाने जातात. मेसोपोटेमियात गव्हाची जागा हळूहळू खारवट जमिनीत तग धरणाऱ्या जवाने घेतली. सिंधूच्या मैदानात कालवे आले, पाण्याची पातळी वर्षावर्षाला चढत गेली, आणि १९६०च्या दशकात ती उतरवण्यासाठी हजारो कूपनलिका खोदाव्या लागल्या.

भूजल जमिनीखाली दीड-दोन मीटरच्या आत आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून ते वर चढतं, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. हे डोळ्यांना दिसायच्या आधी मोजा. प्रत्येक ५०-१०० हेक्टरांमागे एक निरीक्षण नळी घाला: दोन-अडीच मीटर लांब, दोन-तीन बोटं जाडीचा पीव्हीसी पाइप, खालच्या भागाला भोकं, बाहेरून रेतीचा वेढा, वर झाकण. दोरीला एखादं छोटं धातूचं बूच, पोकळ बाजू खाली येईल असं बांधा आणि नळीत सोडा. पाण्याला टेकताच ‘डुब्’ असा आवाज येतो. दोरीला तिथे चिमटीत धरा, वर ओढा, मोजा, वहीत लिहा. दर महिन्याला एकदा. मी हा आवाज ऐकायला शेतकऱ्यांना सोबत नेतो, कारण मागच्या वर्षी दोरीवरची गाठ कुठे होती आणि आता चिमटी कुठे आलीय हे एकदा स्वतः पाहिलं की भाषणाची गरज पडत नाही.

पातळी चढत असेल तर आधी फुकटचे उपाय: जाडीचं पाणी कमी करा, तुंबलेले नाले उकरा, विहिरी चालवा. तरी उतरली नाही तर भूमिगत निचरा, म्हणजे भोकं पाडलेले पाइप साधारण एक ते दीड मीटर खोलीवर, जमिनीच्या पाझरक्षमतेनुसार अंतर ठेवून. पाइप टाकण्याआधी एक प्रश्न सोडवलेला असावा: पाणी शेवटी कुठे जाणार? सॅन होआकिन खोऱ्यातल्या निचऱ्याचं पाणी केस्टरसन नावाच्या तळ्यात सोडलं गेलं. त्यात सेलेनियम होतं, आणि १९८३ साली तिथे पक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली. पुढे ते तळं बंद करावं लागलं.

जमीन बिघडलेलीच असेल तर क्षारयुक्त की चोपण हे माती परीक्षणाने आधी ठरवा. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे क्षारयुक्त. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५च्या वर म्हणजे चोपण. क्षारयुक्त जमीन निचरा करून गोड्या पाण्याने धुता येते. चोपण जमीन नुसती धुतली तर मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि ती आणखी घट्ट होते. तिला आधी परीक्षणाच्या प्रमाणात जिप्सम, मग धुवायला पाणी, मग धैंच्यासारखं हिरवळीचं पीक. हा क्रम उलटा झालेली शेतं मी पाहिली आहेत. तिथे पाऊस पडला की डबकं आणि ऊन पडलं की फरशी.

मीठ मुळांखाली ढकलण्यासाठी लागणारं जास्तीचं पाणीही हिशेबात धरा. पाण्याची वाहकता (त्याच एककात) १ आणि पीक मका, ज्याला मातीत १.७पर्यंत त्रास होत नाही, तर पाच पट १.७ म्हणजे ८.५, वजा १, उरले ७.५. पाण्याच्या वाहकतेला, म्हणजे १ला, ७.५ने भागलं की सुमारे १३ टक्के जास्तीचं पाणी. गव्हाला मातीत ६पर्यंत चालतं, त्याला जेमतेम साडेतीन टक्के. कपाशी ७.७पर्यंत टिकते, ऊस मक्यासारखाच नाजूक. टेलच्या खाऱ्या पाण्यावर कुठलं पीक घ्यायचं याचं उत्तर याच आकड्यांत आहे.

पाटाने भरलेल्या शेतात हे जास्तीचं पाणी आपोआप जातं. ठिबकखाली जात नाही. तिथे मीठ ओल्या पट्ट्याच्या कडेला जमतं, आणि हलकी सर आली की मुळांवर घसरतं. म्हणून खारवट पाण्याच्या भागात हलका पाऊस चालू असताना ठिबक बंद करू नका.

पायरी १०: पूर

धरण लवकर भरून घेण्याचा मोह आणि पुरासाठी जागा मोकळी ठेवण्याची गरज यांत दरवर्षी ओढाताण होते. कुठल्या तारखेला किती साठा असावा याचं वेळापत्रक पावसाळ्याआधी जाहीर करा आणि ते बदललं तर कारण लिहून ठेवा. नदीकाठच्या सखल पट्ट्यात पावसाळ्यात भात किंवा चारा, पाणी ओसरल्यावर गाळावर कमी दिवसांची पिकं. बाग आणि निचऱ्याच्या पाण्याचं तोंड, दोन्ही पूररेषेच्या आत नको.

हंगाम संपल्यावर

कालवा बंद असलेले आठवडे सुट्टीचे नसतात. गाळ काढणं, दरवाजे, मोजपट्ट्या, सगळं तेव्हाच. निरीक्षण नळ्यांच्या दोन नोंदी सगळ्यात मोलाच्या: पावसाळ्याच्या तोंडावरची आणि पावसाळा संपल्यानंतरची. पहिलीतली पाणीपातळी वर्षानुवर्षं खाली जात असेल तर उपसा जास्त आहे, वर येत असेल तर निचरा कमी.

मग वहीत एवढं लिहा: मुखाशी किती घनमीटर सोडलं, टेलला किती पोचलं, कुठलं पीक किती हेक्टर, टेलच्या शेतात हेक्टरी उत्पादन किती आणि हेडच्या शेतात किती, नाल्याच्या पाण्याची वाहकता किती. हेड आणि टेलच्या उत्पादनातला फरक पुढच्या वर्षीच्या बैठकीत सगळ्यात आधी वाचून दाखवा, धरणाच्या साठ्याच्याही आधी.